आदरार्थी बहुवचन

युगांडातल्या कंपालाच्या डॉक्टर नमुकासांचा अर्ज मंजूर झाला. एचआयव्हीच्या लशीचं संशोधन त्यांच्याच लॅबमध्ये, त्यांच्याच हाताखाली होणार. पैसा लंडनच्या ट्रस्टचा. बरं, आता हे वाचलंच नाही असं समजा. ट्रस्टनंही पुढे तसंच समजायचं ठरवलं.

तर, १९९६ मधला शुक्रवार, चार वाजून चाळीस मिनिटं. चेअरमन हॉलिस ओव्हरकोट घालूनच सहीला बसले होते, कारण त्यांची ट्रेन पाच पाचची होती. कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि कंपालाला जायचं पत्र सुलक्षणानं टाइप करून समोर ठेवलं होतं. ती ट्रस्टची क्लार्क. रोज इल्फर्डहून येई, अकरा वर्षांत एकदाही लेट नाही. चूक मात्र एकच, आणि तीही अकरा वर्षं तीच: मोठ्या माणसाला ती इंग्रजीतही बहुवचनच लावायची. साठीच्या प्रोफेसरला इंग्रजीतलं एकवचनी 'ही' म्हणणं तिला कसंसंच वाटे. मराठीत तर ते आणखीच भलतं झालं असतं.

कमिटीनं ठरवलं होतं ते असं: प्रमुख इंग्लंडचे प्रोफेसर व्हिटलॉक, कंपालाची टीम त्यांना मदत करेल. सुलक्षणानं पत्रात लिहिलं होतं, 'प्रोफेसर व्हिटलॉक कंपालाच्या टीमबरोबर काम करतील. दे विल लीड.' म्हणजे, 'ते नेतृत्व करतील.'

कमिटीवरचे डॉ. शशिधर केंकरे कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलातून आलेले. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"सुलक्षणाबाई, हे 'ते' कोण?" त्यांनी मराठीत विचारलं.

सुलक्षणानं वाकून वाचलं. 'ते' म्हणजे प्रोफेसरच की! पण कुठलाही इंग्रज वाचेल: कंपालाची टीम.

"ते!" डॉक्टरांनी बोट आपटलं. "अहो, ते!"

"टी?" हॉलिस खूश झाले. "उत्तम कल्पना. मला दूध नको."

टिपेक्सची बाटली हाताशीच होती. एक शब्द खोडायचा, बस. पण सकाळीच फोनवर नमुकासा तिला म्हणाल्या होत्या, "सात वर्षं रक्ताच्या नळ्या इकडून जातात आणि संशोधनाचा पेपर तिकडून छापून येतो. आमची नावं शेवटी, आभारात. या वेळी मी क्लिनिकमधल्या लोकांना शब्द दिलाय, तुमचं रक्त इथंच राहील. लीड आम्ही. नाहीतर राहू दे."

"अहो, बदला ना पटकन," डॉक्टर कुजबुजले. "जॉब जाईल तुमचा. घराचं मॉर्गेज आहे ना?"

"डॉक्टर," सुलक्षणा म्हणाली, आणि आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं, "तुम्ही घेणार ना चहा?"

हॉलिसनी पेनचं टोपण काढलं. डॉक्टरांनी पेनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खिडकीबाहेर, जिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"घेतो," ते म्हणाले. "साखर कमी घाला."

सही झाली. किटली उकळायच्या आत फॅक्स गेला.

बुधवारी उत्तर आलं. 'आभारी आहोत. काल पहिल्या एकशे बारा स्वयंसेवकांचं रक्त घेतलं.' ते वाचून हॉलिसनी सुलक्षणाला बोलावलं.

"हे पत्र गेलेलं नाही."

"गेलंय, मिस्टर हॉलिस. हे उत्तर आलंय ना."

"उत्तरही आलेलं नाही."

हे म्हणता म्हणता त्यांनी दोन्ही कागद श्रेडरमध्ये घातले. कंपालाला दुसरं पत्र गेलं, पहिलंच म्हणून: प्रमुख प्रोफेसर व्हिटलॉक, नमुने इंग्लंडला पाठवावेत. सुलक्षणाला काढायचा विचार झाला, पण काढायला कारण लागतं, आणि कारण तर घडलंच नव्हतं.

दुपारी नमुकासांचा फोन आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी 'नाही' म्हणून कळवलंय. पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा. लोक बाहेर बाकावर बसलेत. काही जण दोन दिवस चालून आले होते. विचारतायत, आमच्या रक्ताचं काय केलंत? काय सांगू?"

सुलक्षणानं पेन हातात घेतलं. "मी लेखी कळवते," ती म्हणाली.

मग तिनं विनंतीचा छापील फॉर्म काढला. तीन प्रती, मध्ये कार्बन. टेबलाशी ताठ बसून तिनं लिहिलं:

'मा. चेअरमन यांस. सदर पत्र पाठवलेच गेले नाही असे ठरले असल्याने, त्याच्या भरवशावर मंगळवारी कंपाला येथे ज्या एकशे बारा व्यक्तींचे रक्त घेण्यात आले, ते ज्याचे त्यास, ज्या दंडातून काढले त्याच दंडात, तीस दिवसांच्या आत परत करण्यात यावे व तशी पोच या कार्यालयास मिळावी, ही नम्र विनंती.'