ठकीची पाकिटं

आमची नात ठकी हाडं-कातडी झाली होती. दवाखान्यातून तिला पाकिटं मिळायची, आत गोड, तेलकट लगदा. नर्सबाई सुनेला बजावायची, "तिलाच भरवायचं. दुसऱ्या कुणाला बोटसुद्धा लावू देऊ नका." सून ती पिशवी मावशीकडे द्यायची. गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या बायकांची पोरं ही मावशी आपल्या एका खोलीत सांभाळते. सून शिलाईच्या कारखान्यात, मी जिने पुसायला. ठकी दिवसभर तिथंच.

पाकिटं संपायची, तरी पोरीचं वजन उतरत जायचं.

नर्सबाईनं सुनेला सगळ्यांदेखत झापलं, "विकता की काय?" सून खाली मान घालून उभी. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे विकायला काही असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?" बाईनं पुढची पाकिटं मोजून दिली. पण पाकिटं जातात कुठं, हे मलाही कळेना.

दुसऱ्या दिवशी काम अर्ध्यावर टाकून मावशीच्या खोलीत गेले. पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली. मावशी पाकीट फाडून प्रत्येकाच्या जिभेवर बोटभर लगदा टेकवत होती. ठकीलाही बोटभरच. चाटून झालं तरी तिचं तोंड उघडंच.

"अगं भवाने, औषध आहे ते तिचं!"

"मला कोण बोललं औषध म्हणून?" मावशी ताडकन उठली. "तुमची सून म्हणाली, खाऊ आहे. एकीनं खायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघायचं, हे माझ्या खोलीत चालत नाही, आजी."

सून का खोटं बोलली ते मी ओळखलं. आजारी पोर मावशी ठेवून घेत नाही. पोर घरी, तर सून घरी, तर चूल थंड.

मग मी पोरांकडे नीट पाहिलं. ओळीतल्या निम्म्या पोरांचे दंड ठकीसारखेच काटकुळे होते.

तशीच दवाखान्यात गेले. "चला, बाई."

"आम्ही घरोघर फिरत नाही, आजी. आईनं मूल आणायचं असतं."

"आई यंत्रावर बसलीय. दिवसभर पोर जिच्याकडे, तिला कधी काही सांगितलंत? येत नसाल तर वजनकाटा द्या, डोक्यावर घेऊन जाते."

बाई आली. एकेक पोर तोलत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. मावशीला म्हणाली, "ज्याचं पाकीट त्यालाच."

"आणि बाकीच्यांनी बघायचं?"

"ज्यांना लागतील त्या सगळ्यांची आणते. इथंच आणून देते."

ठकीला मात्र तिनं उचललं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. छाती कफानं भरली होती. "आधी कळायला हवं होतं, आजी," ती म्हणाली. "कुणाला?" मी विचारलं.

ठकी गेली.

माझा मुलगा, ठकीचा बाप, मावशीची खोली बंद करायला कुलूप घेऊन तिच्या दाराशी आला. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"आई, बाजूला हो. हिनं माझी पोर मारली."

"हिनं वाटून दिलं. तुझ्या बायकोनं सांगितलं नाही. बाईनं विचारलं नाही. तू तर दवाखान्याची पायरीही चढला नाहीस. कुलपं किती आणलीस?"

तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. आत पोरं बाईनं आणून दिलेली आपापली पाकिटं खात होती. मला रडून चालणार नव्हतं. दार धरून ठेवायचं होतं.