पहिला सेल्फ

"भाभी, एकदा अकबरभाईंना विचारून घ्या," रंगनाथराव तिसऱ्यांदा म्हणाले.

हुस्नबानो फियाटच्या डिकीत कमरेपर्यंत वाकली होती. ती बाहेर न येताच म्हणाली, "विचारलंय."

विचारलं नव्हतं. पत्रा घासून चकचकीत कर आणि मगच अर्थिंगची वायर बोल्टला आवळ, हे नवऱ्याला काय विचारायचं? चपाती उलटायची का, असं कुणी विचारतं का?

गाडी चौऱ्याहत्तरची, सायीच्या रंगाची. रंगनाथराव नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांचा निम्मा जीव या गाडीत असतो. बॉनेटखाली बॅटरी ठेवायचा पत्रा अॅसिडने इतका खाल्ला होता, की दोनदा वेल्डिंग करूनही टिकला नाही. शेवटी बॅटरी मागे डिकीत न्यायची ठरली. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि गाडी त्यांना आज संध्याकाळीच घरी न्यायची होती.

ते वडाळा नाक्याच्या या दुकानात आले होते ते अकबरसाठी. पाटीवर नाव त्याचंच, 'अकबर ऑटो इलेक्ट्रिक'. पण आठ महिन्यांपूर्वी लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असे. काम हुस्नबानो करी. ते नवं नव्हतं, सव्वीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसून वायरी ओढत होती. नवं इतकंच, की आता ते लोकांना दिसत होतं. दिसलं तशी गिऱ्हाइकं गळाली. कुणी म्हणालं गाडी विकली, कुणी म्हणालं पावसानंतर बघू. रिक्षावाले तेवढे टिकले, त्यांना घाई असते. अकबरच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून 'काय करायचं बोला' असं विचारणारं जुनं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे रंगनाथराव.

दुकानाचा एक रिवाज होता. काम झालं की गाडीच्या मालकाने किल्ली मिस्त्रीच्या हातात द्यायची आणि ती फिरवून पहिला सेल्फ मिस्त्रीने मारायचा. गाडी उठली, की काम पुरं. या आठ महिन्यांत सगळे आपापला सेल्फ आपणच मारून निघून गेले. तिच्या हातात किल्ली कुणी दिली नव्हती. तिनेही मागितली नव्हती, पण राग यायचा. फार यायचा.

डिकीत बॅटरीची पेटी बोल्टने बसली. पेटीतली वाफ बाहेर जायला रबरी नळी पत्र्यातून खाली सोडली. जाड तांबडी वायर गालिच्याखालून, दाराच्या कडेने पुढे इंजिनपर्यंत गेली. जिथे जिथे पत्र्याला भोक, तिथे तिथे तिने रबराचं कडं बसवलं. मग बॅटरीजवळच फ्यूजची डबी लावायला घेतली.

"ती डबी तिथे नको," रंगनाथराव म्हणाले. "रविवारी लोक डिकी उघडून बघणार. मी व्हिडिओ बघितलाय, त्यात असलं काही दिसत नव्हतं. पुढे बसवा, बॉनेटखाली."

"पुढे नाही चालणार, काका."

रंगनाथरावांनी तिच्याकडे नाही, खुर्चीकडे पाहिलं. "काय अकबरभाई?"

अकबरने मान डोलावली. जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द कळत. "पुढे टाक, बानो. काय होत नाय."

हुस्नबानो पक्कड हातात धरून उभी राहिली. हा माणूस आजारपणाने विसरला, की शेवटचं गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरला? तो घाबरलाय, हेच तिला खरं वाटलं आणि म्हणून जास्त लागलं.

नवऱ्याची चूक तिला नवी नव्हती. पण गिऱ्हाइकासमोर तिने कधी त्याचा शब्द खाली पाडला नव्हता. गाडी मुक्कामाला असायची, सकाळी तो उठायच्या आत ती गुपचूप दुरुस्त करून ठेवायची. एकदा वणीच्या देवराम ड्रायव्हरच्या जीपला त्याने लाइटची वायर उलटी जोडली होती. तिने पहाटे बदलली. घाटात लाइट झकास चालले म्हणून देवरामने गडावरचे पेढे आणून अकबरच्या हातात ठेवले होते.

आज ती सोय नव्हती. गाडी तासाभरात रस्त्यावर जाणार होती.

"वसीमचे अब्बा, फ्यूज मागेच राहणार," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण समोरचा चहावालाही थांबून ऐकू लागला. "बॅटरी मागे आणि फ्यूज पुढे, मग मधली अख्खी वायर कुणाच्या भरवशावर? कुठे घासली, पत्र्याला लागली, तर फ्यूजला पत्ताही नाही. वायरच पेटणार. आणि पेट्रोलची टाकी कुठंय? मागेच ना?"

रंगनाथराव अवघडले. "भाभी, अकबरभाई मिस्त्री आहेत. ते म्हणतात तसं करा ना. माझी गाडी आहे."

"गाडी तुमची, काका. हात माझा." तिने पक्कड पेटीवर ठेवली. "डबी पुढे हवी असेल तर वायर मी जोडत नाही. ढकलत न्या. दुसरा कुणी करून देईल, हसत करून देईल. मी नाही."

रंगनाथरावांनी खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला. "मग काय करायचं, अकबरभाई?"

अकबरने जमिनीकडे पाहिलं. चार माणसांत आपण याची उरलीसुरली पत घालवली, हे हुस्नबानोला कळत होतं. तरी पक्कड तिने उचलली नाही.

"रंगनाथराव," तो सावकाश म्हणाला, "ती वणीची जीप आठवते? देवरामची?"

"हो. तुमचं केवढं नाव झालं होतं."

"ती वायर हिने बदलली होती. मी जागा होतो." त्याने तोंडाची कड डाव्या हाताने पुसली. "पेढे मी खाल्ले."

हुस्नबानोने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडत फ्यूज बसवता येत नाही. तिने डबी बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावली, दोन स्क्रू आवळले आणि शेवटची वायर जोडली.

काम झाल्यावर रंगनाथरावांनी किल्ली काढली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप खुर्चीकडे गेला. अकबरचा उजवा हात मांडीवर निपचित होता. डावा चांगला होता, पण तो त्याने उचलला नाही. किल्ली तशीच हवेत राहिली. मग रंगनाथराव वळले आणि त्यांनी ती हुस्नबानोपुढे धरली.

तिने घाई केली नाही. कापडाने एकेक बोट पुसलं, कानामागे ओढणी खोचली, आणि मग किल्ली घेतली.

"काही वाटलं तर फोन कुणाला करू?" त्यांनी विचारलं.

"पाटीवरचा नंबर माझाच आहे. हुस्नबानो मिस्त्री कुठंय म्हणून विचारा."

ती स्टिअरिंगमागे बसली. किल्ली फिरवली. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला आणि इंजिन एका लयीत फिरू लागलं. तिने आरशात पाहिलं. दारातल्या खुर्चीत अकबर डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर जुळलेली होती, आणि किल्ली फिरवताना वळावीत तशी थोडी वळलेली होती.