जत्रेच्या पंगतीत किनेज

जत्रेला बिद्रीजवळच्या आमच्या घरी सगळा गोतावळा जमतो, म्हणून रक्त घ्यायला २००६ सालातला तोच दिवस मी धरला. पुण्यात संशोधन करणारी डॉक्टर मी, पण अक्कल बघा माझी! जत्रेत मटणाबरोबर सोयरिकी पण शिजतात, हे इसरलेच. आईनं त्याच पंगतीला पेठ वडगावचं स्थळ बोलावलंतं, माझ्यासाठी.

बाबांना कंपवात. थोरला चुलता त्यातच गेला. म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त पायजे होतं, आजाऱ्यांचं बी आणि धडधाकटांचं बी. किनेज नावाची प्रथिनं पेशीतली कामं चालू-बंद करत असतात. काही घराण्यांत त्यातलं एक बिघडतं, बंद न होणाऱ्या मोटरीगत चालूच ऱ्हातं, आणि मेंदूतल्या पेशी मरतात असं दिसाय लागलंतं. त्याला आवरणारं औषध शोधायचं, तर बिघाड कुठल्या जनुकात हाय ते आधी रक्तातनं कळाय नको?

आई म्हणाली, पावणं जाऊ देत, मग काय ते कर. माझं डोकंच फिरलं. लपवून सोयरीक करायची व्हय? तडक बाहेरच्या सोप्यात गेले आणि पावण्यांना घराण्यातल्या कंपवाताचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात धुतले, गाडी काढली आणि गेले.

मग घरचे पेटले. चुलतभाऊ विजयसिंहाच्या दोन पोरी लग्नाच्या. कुणी थेंब देणार न्हाय, असं त्यानं बजावलं. मी सुया मांडून तशीच बसले. उठवून दाखवा म्हटलं.

तेवढ्यात आक्का, बाबांची थोरली बहीण, समोर येऊन बसली. पदराखालचा हात तिनं बाहेर काढला. तो थरथरत होता. मी डॉक्टर, आणि मला पत्ता न्हाय!

"औषध कधी येणार?" तिनं इचारलं.

खोटं बोलवंना. "तुझ्या हयातीत न्हाय, आक्का. बाबांच्या बी न्हाय. येईलच असं बी न्हाय."

"मग बसलीस काय? काढ की."

हात हलायचा थांबेना, शीर घावंना. मला रडू फुटाय लागलंतं. विजयसिंह उठला, खाली बसून त्यानं तिचं मनगट गच्च धरलं. बाटली भरली तरी तो हलला न्हाय. तिथंच बाही वर सारली.

"आता माझं घे," म्हणाला. "आन पोरींना बी इचार."