गोलामागची खुर्ची

मित्रांनो, कॉलेजच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले फुटबॉल यांच्यामागे जी लोखंडी खुर्ची उभी आहे, ती मी. जुनी आहे, पण मोडकी नाही. वर्षातून एकदा मला बाहेर काढतात, पुसतात, माझ्यावर लाल मखमल घालतात आणि मैदानावर नेऊन चुकीच्या दिशेला तोंड करून ठेवतात. आज मी बोलते आहे ती या चुकीच्या दिशेबद्दल.

माझा जन्म भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत झाला. तेव्हा वसाहत नवी होती. रस्त्याकडेची निलगिरीची झाडे माणसाएवढीच होती. नागपूर, पुणे, सातारा इकडून आलेली माणसे क्वार्टरांच्या दारांवर आपापल्या नावाच्या पाट्या लावत होती. कारखान्यात सदाशिवराव नावाचे वेल्डर होते. वसाहतीत कॉलेज निघाले तेव्हा मैदानासाठी गोलपोस्ट त्यांनी तयार केले. त्यातून काही पाइप उरले. सदाशिवरावांनी ते वाकवले, जोडले, त्यावर पत्रा बसवला आणि मी झाले. म्हणजे मैदानावरचे ते दोन गोलपोस्ट माझे सख्खे भाऊ आहेत. तुम्हाला हसू येईल, पण मी हे नाते मानते.

सदाशिवरावांनी मला बनवले ते आपल्या पत्नीसाठी, मंदाकिनीबाईंसाठी. साऱ्या वसाहतीच्या त्या मंदाकाकू. त्यांचा मुलगा नीळकंठ कॉलेजच्या संघात गोलकीपर होता. काकू रोज संध्याकाळी गोलाच्या मागे, जाळीपासून थोड्या अंतरावर मला ठेवून बसत. हातात विणकाम असे. नीळकंठसाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर त्यांनी माझ्यावर बसूनच विणला. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामगार सायकली मैदानाकडेला टेकवून खेळ बघत. कोणी कोणाला बोलवत नसे.

नीळकंठला आईची काळजी वाटे. तो खेळता खेळता वळून म्हणे, "आई, इथे बॉल येईल. सरक ना."

काकू टाक्यावरची नजर न काढता म्हणत, "तू अडव. मग येणार नाही."

सगळा संघ हसे. सुभाष नावाचा त्याचा मित्र बचावफळीत खेळायचा, तो सर्वांत मोठ्याने हसे. मला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती, की ते कधी थांबेल असे वाटलेच नाही.

बी.एस्सी. झाल्यावर नीळकंठ फौजेत गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि पश्चिम सीमेवरून तार आली.

पुढच्या डिसेंबरात सुभाषने आणि मुलांनी त्याच्या नावाने सामना ठेवला. जिंकणाऱ्याला नीळकंठ स्मृती चषक. त्या दिवशी हिरवा स्वेटर गोलपोस्टच्या आडव्या दांडीवर टांगला होता. पंचांनी शिट्टी वाजवली, सगळे उभे राहिले. पुन्हा शिट्टी वाजली आणि खेळ सुरू झाला. बस, एवढेच. काकू माझ्यावर बसल्या होत्या, गोलाच्या मागे, नेहमीच्या जागी. त्या रडल्या नाहीत. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्यांनी एकेक चेंडू पाहिला. घरी जाताना सदाशिवरावांना म्हणाल्या, "तो डावीकडचा पोरगा चांगला पळतो, नाही?"

मित्रांनो, आदर म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी ती दुपार सांगेन.

बरीच वर्षे सामना असाच होत राहिला. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात झाला नाही. त्या महिन्यात भोपाळमध्ये कोणी काही खेळत नव्हते. त्यानंतर सुरू झाला तो कॉलेजच्या समितीच्या हाती गेला. समितीतल्या माणसांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. एकजण म्हणाला, वीरमातेने गोलाच्या मागे धुळीत बसणे बरे दिसत नाही. दुसरा म्हणाला, शाल-श्रीफळ द्यायला हवे. तिसरा म्हणाला, मध्यंतरात देऊ, तेव्हा गर्दी जास्त असते. मग मला उचलून मंडपासमोर आणले. पाहुणे मंडपात, फोटोवालाही तिकडेच. म्हणून माझे तोंड मंडपाकडे केले आणि पाठ मैदानाकडे.

तेव्हापासून मी एकही सामना पुरा पाहिलेला नाही. काकूंनीही नाही.

मध्यंतराच्या जरा आधी गाडी काकूंना घेऊन येई. सत्कार झाला की माताजींना त्रास नको, म्हणून तीच गाडी त्यांना परत नेई. पहिला हाफ सुरू असताना त्या घरी तयार होऊन बसलेल्या असत आणि दुसरा हाफ सुरू होताना पुन्हा घरीच पोचलेल्या. मुलाच्या नावाचा सामना, आणि आईला त्यात एक किक दिसत नसे.

सुभाष तोपर्यंत त्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक झाला होता. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो काकूंकडे चहाला जाई आणि टेबलावर कपबशा मांडून कोण कुठून आला, गोल कसा झाला ते दाखवी. काकू लक्ष देऊन बघत. पण पुढे पुढे त्याच्याकडे दाखवायला काही उरेना. कारण मध्यंतर वाढत चालले होते. आधी कॅडेटांचे संचलन आले. ते मला आवडे, मुले खरोखर मनापासून चालत. मग गाणी आली, मग भाषणे, मग मैदानभर फिरवायचा लांबलचक झेंडा. कारगिलनंतर तर पुठ्ठ्याचा रणगाडा आला आणि फटाके लावून खोटी लढाई सुरू झाली. डिसेंबरचा दिवस केवढासा. मैदानावर दिवे नाहीत. लढाई जिंकून होईपर्यंत सूर्य निलगिरीच्या मागे जाई. मग पंच थोडा वेळ खेळवून सामना थांबवत आणि चषक कोणाचा ते नाणे उडवून ठरवत.

"काय झालं रे शेवटी?" काकू विचारत.

"नाणेफेक, काकू."

"पुन्हा?"

सुभाषने प्राचार्यांना दरवर्षी विनवले, की कार्यक्रम आधी घ्या, खेळ पूर्ण होऊ द्या. प्राचार्य म्हणत, "सुभाषजी, आप तो खिलाड़ी आदमी हैं. पब्लिक प्रोग्राम के लिए आती है, मैच के लिए नहीं." मला तेव्हा वाटे, एकदा विचारून तरी बघा पब्लिकला.

खोटी लढाई माझ्या पाठीमागे चाले. काकूंना ती दिसत नसे, फक्त ऐकू येई. फटाका फुटला की त्यांची बोटे माझ्या दांडीला घट्ट धरत. ती पकड मला अजून आठवते. आणि समोर काय दिसे? मंडपातली तोंडे. शेंगा खाणारी, हसणारी, पुठ्ठ्याच्या रणगाड्यापुढे एखादा मुलगा लाल रंग फासून पडला की शिट्ट्या मारणारी. कोणालाही वाईट वागायचे नव्हते. पण मुलगा गमावलेली एक बाई आपल्याकडे तोंड करून बसली आहे, हे त्यातल्या एकाच्याही ध्यानात येत नव्हते.

एका वर्षी सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, "इस माँ ने हँसते-हँसते अपना लाल देश को दे दिया!" टाळ्या पडल्या. काकू शेजारी उभ्या असलेल्या सुभाषला हळूच म्हणाल्या, "हसत कोणी दिला रे? मला विचारलं होतं का कोणी? तार आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते."



सदाशिवराव गेले. काकू एकट्या राहू लागल्या, वसाहतीशेजारच्या इंद्रपुरीत एका खोलीत. मग एका डिसेंबरात सामन्याच्या आदल्या दिवशी त्या मुद्दाम मैदानावर आल्या. सुभाष मला पाण्याने धूत होता.

"सुभाष, मी आता आणखी किती वर्षं येणार? यंदा मला शेवटपर्यंत बघायचंय."

"काकू, गाडी सांगितलेली असते."

"गाडीवाल्याला सांग, काकू मेली."

"असं नका बोलू."

"मग काय बोलू? तूच सांग. मॅच बघायला मी अजून कोणाची परवानगी काढू?"

दुसऱ्या दिवशी सगळे दरवर्षीसारखेच झाले. संचलन, गाणी, रणगाडा. काकूंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाले. गाडीवाला येऊन उभा राहिला. काकू माझ्या दांडीचा आधार घेऊन उठल्या. नारळ त्यांनी गाडीवाल्याच्या हातात दिला.

"सुभाष, उचल हिला."

"काकू, सगळे बघताहेत."

"बघू देत. वीस वर्षं मलाच बघताहेत. यंदा मी बघते."

सुभाषने मला उचलले. मखमल घसरून खाली पडली, ती कोणी उचलली ते मी पाहिले नाही. प्राचार्य मागून आले. "माताजी, वहाँ धूल है. बॉल लग जाएगी."

"लगने दो," काकू म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

मित्रांनो, किती वर्षांनी मी माझ्या भावांजवळ गेले. त्यांचा रंग उडाला होता. सुभाषने मला बरोबर जुन्या जागी ठेवले. काकूंनी शाल काढून माझ्या पाठीवर टाकली. आत त्यांनी नीळकंठचा हिरवा स्वेटर घातला होता.

पण प्रमुख पाहुण्यांचे भाषण व्हायचे होते. ते झाले. मग आभार झाले. मग आभार मानायचे राहिलेल्यांचे आभार झाले. गोलात एक सडपातळ मुलगा थंडीने उड्या मारत उभा होता. काकू सूर्याकडे बघत होत्या. सूर्य निलगिरीच्या शेंड्याला टेकला, अर्धा झाला, तरी माइक चालूच होता. माझ्या लोखंडात तेव्हा जो संताप साठला तो अजून उतरलेला नाही.

शेवटी शिट्टी झाली. खेळ सुरू झाला. तो गोलकीपर वळून म्हणाला, "दादीजी, इधर बॉल आएगी. हटिए ना."

इतक्या वर्षांत काकूंना कोणी सरका म्हटले नव्हते. सगळे बसा, बसा, असेच म्हणत होते.

"तू रोक ना," त्या म्हणाल्या, "फिर नहीं आएगी."

मुलगा हसला. थोड्याच वेळात उजव्या कोपऱ्यातून चेंडू आला आणि त्याने झेप घेऊन तो अडवला. काकू टाळी वाजवत नव्हत्या, त्यांचे दोन्ही हात माझ्या दांड्यांवर होते. पण मला कळले. फटाक्यांच्या वेळची पकड आणि ही पकड वेगळी होती.

आणि मग पंचांनी हात वर केले. चेंडू दिसेनासा झाला होता.

"संपलं?" काकूंनी विचारले.

"उजेड गेला, काकू."

"गेला नाही. त्यांनी खाल्ला."

मैदानाच्या मध्यावर नाणे उडाले. कोण जिंकले ते काकूंनी विचारले नाही. त्या मुलाला मात्र त्यांनी जवळ बोलावले आणि त्याच्या कोपराला लागलेली माती आपल्या पदराने पुसली.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सुभाषही निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला. सामना मात्र होतो. रणगाडा आता पत्र्याचा आहे. मध्यंतरात मला बाहेर काढतात, मखमल घालतात आणि माझ्यावर काकूंचा हार घातलेला फोटो ठेवतात. तोंड मंडपाकडे, पाठ मैदानाकडे. फोटोला सुद्धा त्यांनी सामना बघू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी त्या कॉलेजात जाईल, त्या मैदानावर खेळेल. मग माझे एवढे करा. सलाम करा, जरूर करा, पण खेळाच्या आधी करा आणि थोडक्यात करा. ज्याच्या नावाचा सामना आहे, त्याचा सामना उजेडात पुरा होऊ द्या. आणि मला मखमल नको. रंगाचा एक हात द्या आणि गोलाच्या मागे नेऊन ठेवा.

एखादा गोलकीपर वळून म्हणेल, इथे बॉल येईल, सरका. त्याला काय उत्तर द्यायचे ते मला पाठ आहे.