ज्वारी अन् तूर, दोन्ही माझ्याच पोटात

मी माठ बोलतोय. पुरा न्हाय, अर्धवट. कुंभारानं भट्टीतून घाईत काढला, भाजायचं राहून गेलं. पाणी भरलं की झिरपतं. म्हणून माकणी गावच्या बचत गटानं मला शेवयाच्या मशीनच्या खोलीत कोपऱ्यात टाकलं.

मशीन वैष्णवी आणि संघप्रिया मिळून चालवतात. एकीनं वरून पीठ दाबायचं, दुसरीनं खाली शेवया काठीवर झेलायच्या. औंदा दोघींची कुरबुर सुरू झाली. वैष्णवीला घाई, संघप्रिया म्हणायची, शेवया तुटतात. मग गटाच्या अध्यक्ष कस्तुराबाई म्हणाल्या, ही जोडी ठेवायची का, गटालाच विचारू.

मला मधोमध ठेवून तोंडावर फडकं टाकलं. प्रत्येकीला ज्वारीचा एक दाणा, तुरीचा एक. जोडी राहावी वाटलं तर ज्वारी टाका, फुटावी वाटलं तर तूर. एवढं सोपं. पण कस्तुराबाईच सांगत सुटल्या, "कुणाचं मन दुखवू नका गं, उद्या तोंडं बघायचीत."

झालं. एकेक हात आत आला आणि दोन्ही दाणे टाकून गेला. कस्तुराबाईंचासुद्धा. मोठ्या माणसांची ही खोडच. मत मागतील, द्यायची वेळ आली की दोन्हीकडून चांगले.

ओतलं तर ज्वारी-तूर सारखीच. असं का, हे प्रत्येकीला ठाऊक. निकाल लागला: मशीन एक दिवस हिचं, एक दिवस तिचं.

संघप्रिया म्हणाली, "काकू, आमच्या दोघींच्या हातावर दाणा कुणी ठेवलाच न्हाय."

"तुमच्याबद्दलच तर हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमाला कशाला विचारायचं?"

मला तेव्हापासून काही कळेनासं झालंय. दाणे परत माझ्यातच टाकलेत.

आज वैष्णवीची पाळी. एकटीच वर दाबायची, खाली पळायची. शेवयांचा गोळा होऊन जमिनीवर. तेवढ्यात संघप्रिया आली, चप्पल काढली आणि काठी धरली.

"सावकाश दाब."

"तुझी पाळी उद्या हाय की."

"मग उद्या तू ये."

वैष्णवीनं हात सावकाश केला. शेवया लांबच लांब पडायला लागल्या.

आता हे ज्वारीत धरू का तुरीत? माझी अक्कल अर्धी भाजलेली. कस्तुराबाई, तुमची तर पुरी भाजलेली ना? मग आधी मला रिकामा करा. आणि परत कधी विचारलंत तर त्या दोघींपासून सुरू करा, अन् तुमच्या मुठीतून एकच दाणा पडू द्या.

पाणी गळतं, त्याची मला लाज न्हाय. हे पोटात धरवत न्हाय.