डाग माझ्या काचेवर नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणालात तर चालेल, बिघडलेली म्हणालात तर मात्र मी ऐकून घेणार नाही. एकदा तशी पाळी आली होती आणि माझ्यापायी एका मुलीची नोकरीही जाणार होती. तीच हकिकत सांगते.

आमचं घराणं मोठं आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या चष्मेवाल्यांनी दोन भिंगं एका नळीत बसवली आणि लांबची जहाजं जवळ आणली. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने तशी नळी आकाशाकडे वळवली. चंद्रावर डोंगर दिसले, गुरूभोवती चार चंद्र फिरताना दिसले. तोवर माणसं नुसत्या डोळ्यांनी बघत आणि जे दिसत नसे ते तर्काने ठरवत. आम्ही आलो आणि आकाशाबद्दल भांडायला पुरावा मिळाला. पण सूर्यावर डाग आहेत म्हटल्यावर मोठमोठे विद्वान बिथरले. सूर्यावर डाग असूच शकत नाही, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. मला त्या विद्वानांचा अजून राग येतो.

मी मात्र साधी, तीन इंची भिंगाची. १९८६ साली धूमकेतू येणार म्हणून ठाण्याच्या एका शाळेने मला विकत घेतलं. गच्चीवर रांग लागली. धूमकेतू त्या वेळी फिकट होता, त्याला मी काय करणार? "हेच का ते?" असं म्हणत लोक खाली उतरले आणि मी पेटीत गेले. तीन पावसाळे कोणी झाकण उघडलं नाही. खाडीकडच्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी धरली.

१९८९च्या मार्चमध्ये पेटी उघडली ती भागीरथीने. ती प्रयोगशाळेत परिचर होती, बाळकुमच्या आगरी घरातली, दहावी झालेली. नोकरी तात्पुरती होती, जूनमध्ये कायम व्हायची होती. तिने स्पिरिट आणि कापसाने माझं भिंग इतक्या हलक्या हाताने पुसलं, की मला रडू यायचं बाकी राहिलं. मग वाळवायला मला व्हरांड्यात स्टँडवर, उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवलं. नळीतून उजेडाचा गोल खाली फरशीवर पडला. तिने त्याखाली पांढरा कागद धरला आणि चाक फिरवून गोल रेखीव केला. त्यावर काळे डाग होते.

मित्रांनो, इथे एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. माझ्यातून सूर्याकडे कधीही डोळा लावून बघायचं नाही, डोळाच जाईल. सूर्य कागदावर पाडूनच बघायचा.

तिला वाटलं, बुरशी राहिलीय. तिने पुन्हा पुसलं, डाग तसेच. घाबरून तिने मुख्याध्यापकांना बोलावलं. सर मुळात गणिताचे, माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"बुरशीने काच खाल्ली," ते म्हणाले. "महिनाअखेरीला निरुपयोगी सामानाची यादी जाणारे, त्यात टाक. आणि निष्काळजीपणाची नोंद तुझ्या नावावर पडेल. सामान तुझ्या ताब्यात होतं."

"सर, मी नळी गोल फिरवून बघितलेली. डाग काचेवर असता तर तोपण फिरला असता ना?"

"एकदा फिरवून काय सिद्ध होतं?" सर निघून गेले.

अशी नोंद पडली की कायम होणं विसरायचं, हे तिला ठाऊक होतं. दुपारी तिचे वडील दामाजी डबा द्यायला आले. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. तिने सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "अगो, एका दिसान काय कलतंय? आमी मिठागरान रोज एकाच टायमाला फेरी मारतो, तवा समजतं मीठ धरलंय का नाय. तू पन रोज बघ."

दुसऱ्या दिवसापासून बरोबर दहा वाजता मी व्हरांड्यात. कागदावर कंपासने काढलेलं एकाच मापाचं वर्तुळ, कोपऱ्यात तारीख. गोल वर्तुळात बसवायचा आणि डागांवर पेन्सिल टेकवायची. शिक्षक हसत, शिपाई टोमणे मारत. तिने मान वर केली नाही. मीही ठरवलं, काही झालं तरी स्टँडवर डगमगायचं नाही.

पंधराव्या दिवशी ती गठ्ठा घेऊन सरांपुढे उभी राहिली. कागदामागून कागद उलटला, तसा मोठा डाग सरकत पलीकडच्या काठाशी गेला आणि शेवटच्या कागदावर नव्हताच.

"तू मध्ये काच पुसली नाहीस कशावरून?" सर म्हणाले.

"नाही पुसली, सर."

सरांचा विश्वास बसला नाही, हे मला व्हरांड्यातूनही दिसत होतं. त्यांनी गठ्ठा परत चाळला आणि दोन कागदांवर थांबले. वर्तुळ होतं, तारीख होती, बाकी काही नाही.

"हे कोरे कसे?"

"रविवार होते. शाळा बंद असते."

"मग अंदाजाने काढायचंस. शनिवारचा इथे, सोमवारचा इथे. मधला आपोआप येतो."

"मी बघितलाच नाही, तर काढू कसा, सर?"

सर ते दोन कोरे कागद पुन्हा बघू लागले. मग उठून व्हरांड्यात आले आणि कागद स्वतःच्या हातात धरला. अलीकडच्या काठावर एक बारीक ठिपका नुकता उगवला होता.

"उद्या हा बोटभर आत येणार?"

"नाही सर. काठाला हळू सरकतात. मध्ये आले की भरभर, पलीकडच्या काठाला परत हळू. का ते मला माहीत नाही."

सरांना मात्र कळलं. सपाट काचेवरची घाण अशी चालत नाही, फिरत्या गोळ्यावरची खूणच अशी चालते. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, "चूक माझी." त्यांनी यादीतून माझं नाव खोडलं आणि बाजूला लिहिलं: दुर्बीण सुस्थितीत, तपासणी, भागीरथी दामाजी भोईर. जूनमध्ये ती कायम झाली. मला इतका आनंद झाला की त्यापुढे धूमकेतूच्या वेळचा अपमान काहीच नाही.

पुढे १९९० साली माझी एक अजस्र बहीण अवकाशात गेली. तिच्या आरशात खरोखर दोष निघाला. तिलाही कोणी टाकलं नाही, तीन वर्षांनी माणसं वर जाऊन तिला नीट करून आली. आता ती स्वच्छ बघते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेतही कपाटात एखादी पेटी असेल. ती उघडा, स्पिरिट आणि कापसाने हलक्या हाताने पुसा, आणि वेडंवाकडं काही दिसलं तर आधी पंधरा दिवस बघा, मग बोला. मला सहानुभूती नको, काम हवं. आणि आता सरका बाजूला. दहा वाजलेत, भागीरथीबाई कागद घेऊन आल्यात, आणि तुमची सावली माझ्या भिंगावर पडतेय.