‘तारामती’चा लाईफबेल्ट बेंबळीत

मित्रांनो, मी एक जुना लाईफबेल्ट आहे आणि शाळेपुढच्या त्या काळ्या दगडावर मी जळतो. लपवून काय करू? जळतो.

लाईफबेल्ट म्हणजे बुचाचा मोठा गोल. वरून पांढरं कॅनव्हास, चार लाल पट्टे, भोवती दोरी. मुंबईच्या गोदीत मला बनवलं आणि ‘तारामती’ बोटीच्या कठड्याला टांगलं. ती साधी उतारूंची बोट. लढाई पेटली तशी सरकारनं तिच्यावर तोफ बसवली आणि तिला आरमारात घेतलं. रोज सकाळी माझ्यावरून ओलं फडकं फिरे. त्या दिवसांत मी कुणावर जळत नव्हतो.

बोटीवर बेंबळी गावचे दोघं होते. निजामाच्या मुलखातून सोलापूरला जाऊन भरती झालेले. हिंमतराव पट्टीचा पोहणारा. सिद्रामप्पाला पाणी बघून कापरं भरायचं. साहेबांनी दोघांना महिनाभर सलाम ठोकायला शिकवलं. मला कसं धरायचं ते तासभरही शिकवलं नाही.

बेचाळीस साली भर दुपारी बोट सुरुंगावर आदळली आणि बघता बघता तळाला गेली. मी सुटून तरंगलो. दोघांनी मला धरलं.

आता ऐका. बेंबळीत पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला वाळका भोपळा बांधून. तिथला नेम पक्का. एका भोपळ्यावर एकच जण. दुसऱ्यानं हात घातला की दोघंही तळाला. हिंमतरावानं तो विहिरीचा नेम समुद्रात आणला.

“शिद्राम, तुला पवाया येत न्हाय. तू धर. म्या येतो हात मारत,” म्हणाला आणि त्यानं मला सोडलं.

अरे, मी भोपळा नव्हतो! पण मला तोंड कुठं? तो बराच वेळ बाजूनं पोहत होता. मग एका लाटेआड गेला, तो दिसलाच नाही. संध्याकाळी कोळ्यांनी सिद्रामप्पाला आणि मला वर ओढलं.

सिद्रामप्पा मला घेऊन गावी आला. वेशीतच एकानं विचारलं, “आप्पा, टायर आणलंस, मोटार कुठाय?” सगळे हसले. हिंमतरावाच्या बायकोला, धुरपदाबाईला, त्यानं सांगितलं, “वैनी, त्यो बोटीच्या पोटात होता. बोटीसंगं गेला.” खोटं. आपण धरून बसलो आणि दोस्त गेला, हे त्याच्या तोंडून निघेना. मला त्यानं खुंटीला अडकवलं. पुढं खाली उतरवून माझ्यात कोंबडी बसवली.

धुरपदाबाई कुंकू पुसेना. बाजारात गाठ पडली की ती सिद्रामप्पाला अडवायची. “माझा मालक हिरीत दोन माणूस खोल बुडी मारून घागर काढायचा. त्यो बुडंल कसा, आप्पा?” तिला एवढंच उत्तर हवं होतं. सोळा वर्षं तो खाली मान घालून निघून जाई.

निजाम गेला, राज्य बदललं. अठ्ठावन्न साली मार्तंड गुरुजींनी शाळेपुढं हिंमतरावाच्या नावाचा काळा दगड बसवला. त्यावर कोरलं, ‘तारामती बोटीबरोबर बुडाले.’ त्या दगडानं तळंसुद्धा पाहिलेलं नाही! बैलगाडीतून आला, उभा राहिला, आणि त्याला हार, त्याला गुलाल, त्याला पोरांचा सलाम. मी समुद्र प्यालो, आणि मी कोंबडीखाली. का जळू नये?

समारंभाला गुरुजींनी धुरपदाबाईच्या हातात हार दिला. ती दगडाकडं गेलीच नाही. सिद्रामप्पापुढं जाऊन उभी राहिली.

“दगडाला काय ठावं? तुमाला ठावं हाय. आज सगळ्यांदेखत सांगा.”

सिद्रामप्पानं सगळं सांगितलं. भोपळ्याचा नेम, दोस्तानं सोडलेला हात, सगळं.

ती रडली नाही. म्हणाली, “आणा ते टायर.”

कोंबडी हुसकून मला शाळेमागच्या विहिरीत टाकलं. धोंडीबा आणि गुंडाप्पा, दोघं आडदांड गडी, पाण्यात उतरले आणि माझी दोरी धरून लोंबकळले. दगड एकटा पडला होता. सारं गाव काठावरून माझ्याकडं बघत होतं! मित्रांनो, मी ऐटीत तरंगलो. जरासुद्धा कललो नाही. बघा म्हटलं, मी काय चीज आहे ते.

मग धुरपदाबाईचा आवाज आला. अगदी हळू.

“धरलं की वो दोघांला.”

सिद्रामप्पानं पागोटं तोंडात कोंबलं. तिनं हार मला घातला नाही, दगडालाही घातला नाही. हातात तसाच धरून ती घरी गेली.

मित्रांनो, जीव वाचवायची वस्तू कुणी हातात दिली तर ती कशी धरायची, किती जणांना पुरते, ते आधी विचारा. साहेब सांगत नसेल तर सलाम ठोकू नका, वाट अडवून विचारा. माणूस गेल्यावर दगड कोरण्यापेक्षा ते सोपं आहे.

आणि माझं म्हणाल, तर समारंभाच्या दिवशी त्या विहिरीत मी बुडायला हवं होतं.